फितीवरचा बुरा

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घराचा माळा दर दिवाळीला झाडला जातो, असे म्हणणे धाडसाचे होईल. दर दिवाळीला तो झाडायचे ठरते, एवढे मात्र खरे. कोणीतरी शिडी लावतो, वर डोके घालतो, चार वेळा शिंकतो आणि खाली उतरून सांगतो की वर विशेष काही नाही. तीन वर्षांपूर्वी मात्र कौले बदलायची निघाली. सारा माळा रिकामा करावा लागला, आणि तांब्याचे हंडे, मोडका पाळणा, जुन्या पंचांगांचे गठ्ठे यांच्या मागून काकांची पत्र्याची ट्रंक खाली आली.

काका बोटीवर होते. एडनच्या बंदरात त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता. सहा बॅटऱ्यांवर चालणारा, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा. गावात तेव्हा वीज आली नव्हती, त्यामुळे त्या यंत्राचा दरारा फार होता. काका सुटीवर आले की पडवीत माणसे जमत आणि आपलाच आवाज ऐकून खुळ्यासारखी हसत. पुढे काका गेले, यंत्र कोणी नेले ते कळले नाही, आणि फिती ट्रंकेत राहिल्या.

ट्रंक उघडली तेव्हा पहिल्यांदा वास आला. पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीला येतो तो, कुबट. आत पुठ्ठ्याच्या डब्यांत चार इंची पाच स्पुले होती. त्यांतल्या एका डब्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : ‘आई. जात्यावर. मे १९६४.’ डबा उघडला. तपकिरी फितीच्या गुंडाळीवर, कडेच्या बाजूने, पांढऱ्या लवेचे पुंजके उमटले होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की चार दिवसांनी दिसतात, अगदी तसे.

“भावोजी, आधी ते उन्हात घाला बघू,” वहिनी म्हणाल्या. “चार दिवस कडक ऊन लागलं की बुरा जातो. पापडांचा नाही का जात?”

नातवाचा प्रश्न वेगळा होता. “आजोबा, हे वाजवायचं कशावर?”

दोन्ही सूचना सरळ होत्या आणि दोन्ही घातक होत्या. मी त्या फितीला कोणालाही हात लावू दिला नाही. त्याला एक कारण आहे आणि ते मला भूषणावह नाही. ते पुढे सांगेनच. आधी ही फीत नावाची वस्तू मुळात आहे तरी काय, ते पाहू; कारण तिच्यावर बुरशी का येते याचे उत्तर तिच्या जन्मकथेतच आहे.

आवाज लोखंडात साठवावा ही कल्पना फितीपेक्षा जुनी आहे. १८८८ साली ओबरलिन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन यंत्रज्ञाने एका विद्युत्‌विषयक नियतकालिकात लेख लिहिला. सुती किंवा रेशमी दोऱ्यात पोलादाचा चुरा मिसळावा, तो दोरा विद्युच्चुंबकासमोरून ओढावा, म्हणजे बोलणे त्यात चुंबकत्वाच्या रूपाने उतरेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने ते यंत्र पुरे केले नाही. सुती दोऱ्याची ती युक्ती आमच्या कोकणात आली असती तर पहिल्या पावसाळ्यातच दोऱ्यासकट बोलणे कुजले असते, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहात नाही. दहा वर्षांनी, १८९८ साली, डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेनने पोलादी तारेवर आवाज धरून दाखवला. आपल्या यंत्राला त्याने ‘टेलिग्राफोन’ असे नाव दिले आणि १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले. तिथे ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ त्या यंत्रात दोन वाक्ये बोलला, आणि ती आजही ऐकू येतात. चुंबकाने धरलेला इतका जुना दुसरा आवाज उरलेला नाही.

पण पोलादाची तार जड, महाग आणि तुटली की गाठ मारावी लागणारी. फीत हलकी आणि स्वस्त केली ती फ्रिट्झ फ्लॉयमर या माणसाने, आणि त्याच्या डोक्यात ती आली सिगारेटवरून. हा गृहस्थ जर्मनीत ड्रेस्डेन इथे राहात असे. त्या काळी उंची सिगारेटींच्या टोकाला सोनेरी पट्टा असे. तो सोन्याचा मुलामा महाग पडतो म्हणून फ्लॉयमरने पितळी रंगाची पूड कागदाला चिकटवण्याची रीत काढली. मग त्याला वाटले, कागदाला जर पितळेची पूड चिकटते तर लोखंडाची का चिकटू नये? १९२८ साली त्याने कागदी फितीवर लोहचूर्ण चिकटवण्याच्या रीतीसाठी पेटंट मागितले.

१९२८ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून परतला आणि त्याला आपल्या काचेच्या तबकडीवर एक बुरशी वाढलेली दिसली. तिच्यातून पेनिसिलिन निघाले. तीच पेनिसिलियम जात, आणि तिची चुलत बहीण शोभावी अशी ॲस्परजिलस, आज जगभर फितींवर सापडते. एकाच वर्षी फीतही पुढे आली आणि बुरशीलाही कीर्ती मिळाली. इतिहासाला असल्या खोड्या करायची हौसच असते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. बर्लिनच्या एईजी कंपनीने फ्लॉयमरकडून हक्क घेतले, लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्याने कागदाच्या जागी सेल्युलोज ॲसिटेटची पारदर्शक पट्टी आणली आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढे आला. दुसऱ्या वर्षी १९ नोव्हेंबरला लंडनचा एक वाद्यवृंद सर टॉमस बीचम यांच्याबरोबर लुडविग्सहाफेनला गेला असताना त्यांचे वादन फितीवर घेण्यात आले. आवाज येत होता, पण खरखरही भरपूर होती. १९४० साली वाल्टर वेबर या जर्मन नभोवाणीतल्या अभियंत्याला मुद्रणाच्या वेळी कानाला न ऐकू येणारी उच्च कंपनेही फितीवर सोडली की खरखर जवळजवळ नाहीशी होते, असे आढळले. तेही एका बिघडलेल्या यंत्राच्या कृपेने. महायुद्धात इंग्लंडमध्ये असलेला जॅक मलिन हा अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन विभागातला अधिकारी रात्री उशिरा जर्मन नभोवाणी ऐके आणि चकित होई, की हे वादक मध्यरात्री दोन-दोन वाजता कसे वाजवतात? ध्वनिमुद्रिकेची टिकटिक तर कुठे ऐकू येत नाही! १९४५ साली बाड नाउहाइमच्या नभोवाणी केंद्रात त्याला त्याचे उत्तर सापडले. त्याने दोन मॅग्नेटोफोन सुटे करून, पन्नास फितींसह, टपालाने घरी पाठवले. १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला त्याने ते वाजवून दाखवले, आणि १९४७ साली गायक बिंग क्रॉस्बीचा कार्यक्रम फितीवरून नभोवाणीवर जाऊ लागला. तिथून फितीने जग पादाक्रांत केले. एडनच्या बंदरापर्यंत ती पोचली त्यात नवल नाही.

याच काळातली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण तिचा आपल्या हवेशी संबंध आहे. मलिन युरोपात मॅग्नेटोफोन शोधत होता, त्याच्या थोडेच आधी त्याच सैन्याचे दुसरे लोक पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर हैराण झाले होते. तिथे पाऊस, उकाडा आणि दमटपणा असा, की तंबूंची कापडे, पट्टे, बूट यांच्या काही आठवड्यांत चिंध्या होत. रेडिओ आणि टेलिफोनच्या आत बुरशीचे तंतू वाढत आणि जिथे वीज जाऊ नये तिथून ती जाऊ लागे. अखेर यंत्रांच्या आतल्या भागांना बुरशीनाशक लाखेचा हात द्यावा लागला. तंबूच्या कापडावर सापडलेली एक बुरशी अमेरिकेत नेऊन प्रयोगशाळेत वाढवण्यात आली. कापूस इतक्या वेगाने ती कशी पचवते याचा अभ्यास एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी वर्षानुवर्षे केला. पुढे तिला रीस यांचेच नाव मिळाले, ‘ट्रायकोडर्मा रीसाय’, आणि आज तिच्या पाचकरसांवर मोठमोठे उद्योग चालतात. तात्पर्य, जर्मनीच्या कोरड्या थंडीत जन्मलेल्या फितीपुढे काय वाढून ठेवले आहे, हे ज्यांना पाहायचे होते त्यांना ते तेव्हाच दिसले असते.

कारण फीत म्हणजे काय? एक प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर गोंद आणि त्या गोंदात कालवलेला बारीक गंज. गंज हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. १९३९ च्या सुमारापासून फितींवर जे तपकिरी चूर्ण लावत आले ते लोखंडाचे ऑक्साइड, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. आवाज राहतो तो त्या गंजात. त्याचे कण चुंबकासारखे उलटसुलट वळतात आणि वळले की तसेच राहतात. बुरशी लोखंड खात नाही. ती खाते ते गोंदातले द्रव्य, पट्टी मऊ राहावी म्हणून घातलेले पदार्थ, पुठ्ठ्याचा डबा, लेबलाची खळ, फितीवर बसलेली धूळ आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा. म्हणजे असे, की ताटातले सगळे ती फस्त करते आणि नेमका आवाज तेवढा टाकते. ही मोठी आशेची गोष्ट आहे, आणि बहुतेक लोकांना ती ठाऊक नसते.

बुरशीला तोंड नसते. ती आपले पाचकरस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. या ओळी वाचताना वाचकांनी काही थोडे नाकात घेतलेच असतील. त्यांना रुजायला पाणी लागते, आणि ते हवेतल्या ओलाव्यातून मिळते. सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बीजाणू जागे होतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा ऐंशीच्या खाली उतरायला राजी नसतो. ओलावा गुंडाळीत कडेने शिरतो म्हणून पहिला बुरा कडेवर दिसतो. पुढे तंतू एका थरातून दुसऱ्या थरात जातात आणि गुंडाळीचे थर एकमेकांना शिवल्यासारखे धरून ठेवतात.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. १९९९ साली काकांचीच एक फीत माझ्याकडे पुण्यात होती. गावच्या उत्सवातले कीर्तन तिच्यावर होते, आणि मध्ये माझ्या वडिलांनी केलेले आभाराचे भाषण. वडिलांचा दुसरा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. फितीच्या कडेला थोडी पांढरी लव होती. मी ती रुमालाने पुसली, एका मित्राचे यंत्र आणले आणि उत्साहाने बटण दाबले. दोन मिनिटे कीर्तनकारांचा आवाज आला, मग तो जाड होत गेला, मग करकर झाली. एकमेकांना चिकटलेले थर यंत्राने हिसकून सोडवले, आणि सोडवताना वरच्या थराचे गंजाचे कवच खालच्या थराच्या पाठीला चिकटून निघाले. जिथे कवच गेले तिथे उरली स्वच्छ, चकचकीत, पारदर्शक पट्टी. तिच्यातून पलीकडचे दिसत होते. आवाज मात्र गेला होता. मी घाबरून यंत्र मागे फिरवले, त्याने आणखी नुकसान झाले. शिवाय यंत्राच्या चुंबकी डोक्यावर बीजाणू बसले, आणि त्या यंत्रात पुढे घातलेल्या माझ्या मित्राच्या दोन चांगल्या फितींनाही पुढच्या पावसाळ्यात लव आली. मित्र काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

बुरशीने पस्तीस वर्षांत जे केले नव्हते ते मी पाच मिनिटांत केले. म्हणूनच परवा ट्रंकेतली फीत पाहिल्यावर मी इतका हटवादी झालो. वहिनींना मी म्हटले, “पापडाला ऊन चालतं, फितीला नाही. उन्हानं पट्टी वाकडी होईल आणि गोंद बिघडेल. हिला सुकवायचं, पण सावलीत.” त्यांना ते पटले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मात्र त्यांनी ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या आपणहून काढून टाकल्या. त्या गोळ्यांनी झुरळे दूर राहतात. बुरशीवर भरवसा ठेवावा असा तो उपाय नाही.

पहिली गोष्ट आम्ही ही केली, की बाधलेली स्पुले बाकीच्या सामानापासून वेगळी काढली. नाकावर बीजाणू अडवणारा मुखवटा आणि हातांत मोजे घातल्याखेरीज कोणी जवळ यायचे नाही, आणि दम्याच्या माणसाने तर मुळीच यायचे नाही, असा नियम केला. ॲस्परजिलसच्या काही जाती फुप्फुसाला खरोखरच अपायकारक असतात. डब्यांवरचे काकांचे अक्षर नातवाने छायाचित्रांत घेतले आणि पुठ्ठ्याचे डबे टाकून दिले. मला ते फार जिवावर आले. पण पुठ्ठा म्हणजे बुरशीचे कोठार.

दुसरी गोष्ट, पांढरे दिसते ते बुरशीच आहे की नाही हे पाहणे. जुन्या फितींतले वंगण कधी कधी बाहेर येऊन पांढऱ्या भुकटीसारखे बसते, आणि त्याला लोक उगाच बुरशी समजतात. भुकटी असेल तर ती सर्वत्र सारखी, पिठूळ असते. बुरशी पुंजक्यांनी येते आणि भिंगातून पाहिले तर तिचे तंतू कोळिष्टकासारखे पसरलेले दिसतात. आमची होती ती बुरशीच. मग फितीची जात पाहिली. स्पूल दिव्यासमोर आडवे धरले. ॲसिटेटच्या गुंडाळीतून उजेड झिरपतो, पॉलिएस्टरच्या गुंडाळीतून झिरपत नाही. चार स्पुले अपार निघाली. पाचव्यातून मधाच्या रंगाचा उजेड आला, म्हणजे ते ॲसिटेटचे. ॲसिटेट पाण्याला भितो आणि म्हातारपणी त्याला शिरक्यासारखा आंबट वास येतो. त्याची सेवा अधिक हळुवार करावी लागते.

कोकणात ऑक्टोबरातही हवा कोरडी नसते. म्हणून स्पुले पिशवीत घालून मी पुण्याला आणली. घट्ट बंद पिशवीत ओल कोंडली तर बुरा उलट जोराने वाढतो, तेव्हा पिशवी प्रवासापुरतीच. पुण्याची नोव्हेंबर-डिसेंबरची हवा हे या कामी मोठे औषध आहे. एका मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या खड्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या, वर जाळी, जाळीवर स्पुले उभी, आणि आत आर्द्रता मोजणारे एक लहानसे घड्याळ. काटा चाळिसाच्या आसपास स्थिरावला. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे, हे काम नातवाने घेतले आणि सुटी संपेपर्यंत निष्ठेने केले. तीन आठवडे काही करायचे नव्हते. ओलसर, बोट लावले तर फासणारी बुरशी जिवंत असते. तिला घासले तर ती गोंदात आणखी दडपली जाते. वाळली की ती झोपते, करडी आणि भुसभुशीत होते, आणि मगच तिला झाडता येते.

मग एका दुपारी गच्चीत, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ कुंचल्याने कडा झाडल्या. बाहेर निघालेली पूड, बारीक गाळणी असलेल्या धूळओढ्या यंत्राची नळी जवळ धरून, ओढून घेतली. त्यानंतर दोन रिकाम्या स्पुलांच्या चौकटीवर फीत हाताने, अगदी हाताने, एका स्पुलावरून दुसऱ्यावर घेतली. मध्ये दोन बोटांत लव न सुटणारे कापड. एका मिनिटाला हात-दोन हात. थर अडला की थांबायचे, ओढायचे नाही. दोन दिवस पुन्हा डब्यात ठेवायचे आणि मग पाहायचे. चार इंचांच्या त्या एका स्पुलाला मला नऊ दिवस लागले. कोणतेही द्रव मी वापरले नाही. जाणकार पॉलिएस्टरवर विशिष्ट स्पिरिट जपून वापरतात, पण जाणकारांचे काम जाणकारांनीच करावे. बुरशी आत खोल गेली असेल तर घरी काहीच करू नये हे उत्तम.

इतक्या खटपटीने खरोखर काही हाती लागते का, असे कोणी विचारील. त्याला मी समुद्रातल्या एका फितीची गोष्ट सांगतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांत फुटले. आतल्या सात जणांचे बोलणे टिपणारी फीत अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यात सहा आठवडे पडून होती. ती वर काढल्यावर आयबीएमच्या तज्ज्ञांनी रसायनांनी हळूहळू स्वच्छ केली, आणि तिच्यावरचे बोलणे ऐकता आले. तिथेही लोखंडाने आपले काम चोख केले होते. कोणी घाई केली नव्हती.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी स्पुले नसतील. कॅसेटी मात्र असतील. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट आणली आणि चार मिलिमीटरांहूनही अरुंद फितीवर आवाज घरोघर गेला. १९७६ साली जपानच्या जेव्हीसीने व्हीएचएस आणली, आणि आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांतली लग्ने त्या काळ्या ठोकळ्यांत जाऊन बसली. त्या ठोकळ्याला खिडकी असते. ती उजेडाकडे धरून आतल्या गुंडाळीवर पांढरी वर्तुळे दिसतात का ते पाहा. दिसली तर ती कॅसेट कृपा करून यंत्रात घालू नका. व्हिडिओच्या यंत्रातला ढोल मिनिटाला पंधराशे फेरे घेतो आणि त्याची नाजूक डोकी फितीला घासून जातात. तिथे बुरशी अडकली की फीतही जाते आणि यंत्रही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही स्पूलफितींचा गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो, हा दमटपणाचाच दुसरा प्रताप. त्यांना प्रयोगशाळेत पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद उष्णतेत तासन्‌तास शेकून तात्पुरते बरे करतात. ते ऐकून कोणी फीत स्वयंपाकघरातल्या भट्टीत घालू नये. ॲसिटेटला तर शेक मुळीच सोसत नाही.

खरी अडचण आता बुरशीची राहिलेली नाही, यंत्रांची आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनिसंग्रहाने २०१५ साली एक निवेदन काढून इशारा दिला की २०२५ नंतर फितींवरचा ठेवा उतरवून घेणे दुरापास्त होत जाईल, कारण यंत्रे, सुटे भाग आणि ती जाणणारी माणसे संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रे बनवणे बंद केले. मला आजीची फीत वाजवण्यासाठी यंत्र मिळायला पाच महिने लागले. फीत साफ करायला लागले त्याच्या कितीतरी पट.

जात्यावरच्या ओव्या म्हटल्यावर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ते नीट राखले गेले म्हणून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाला २०१७ पासून त्या बायकांचे आवाज जगापुढे ठेवता आले. पिठाची गिरणी आल्यावर जी गाणी बंद पडली, ती अशी काही जणांच्या जागरूकपणामुळे उरली. आमच्या काकांना ओव्यांचे महत्त्व कळत होते असे मला वाटत नाही. त्यांना नवे यंत्र चालवून पाहायचे होते आणि आजी आयती जात्यावर बसलेली होती.

फीत मार्चमध्ये वाजवली. पुण्यातल्या एका संग्राहक गृहस्थांनी आपले यंत्र दिले, आणि वाजवता वाजवताच आवाज संगणकात उतरवून घेतला, कारण दुसऱ्यांदा वाजवायची संधी मिळेलच असे नव्हते. पाऊण तासांपैकी पहिली चार मिनिटे गेली आहेत. मध्ये चार-पाच ठिकाणी आवाज पाण्याखाली गेल्यासारखा बुडतो आणि वर येतो. बाकी सगळे आहे. जात्याची घरघर आहे, खुंट्यावरच्या बांगड्या आहेत, कोंबडा आहे. आजीचा आवाज मला आठवत होता त्यापेक्षा पुष्कळच तरुण आहे. हिशेब केला तर तेव्हा ती आजच्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. एका ओवीत तिने माझ्या वडिलांचे नाव गुंफले आहे. ते ऐकून दादा उठून बाहेर गेला.

तेराव्या मिनिटाला लांबून एक पोरगा “आजी, फणस फोडला!” असे ओरडतो. तो मी. ती गाणे न थांबवता नुसते “हं” म्हणते.

वहिनी शेवटपर्यंत ऐकत बसल्या होत्या. त्या घरात आल्या त्याच्या आधीच आजी गेली होती, त्यांनी तिला पाहिलेही नव्हते. फीत संपत आली तेव्हा जाते थांबते आणि आजी काकांना म्हणते, “झालं का रे तुझं? पीठ बघ किती सांडलं.” त्यावर काका काहीतरी बोलतात, ते नीट ऐकू येत नाही. आजी हसते, आणि पुन्हा घरघर सुरू होते.